वन्संच्या खिडकीचं बिल

चादरीची एक घडी झाली होती, दुसरी व्हायची होती. दोन टोकं माझ्या हातात, दोन वन्संच्या. त्या चादर ओढतात तेव्हा समोरच्याला पाय रोवून उभं राहावं लागतं.

"ताण नीट. सकाळी काही खाल्लंस का नाही?"

"खाल्लं, पण तुमच्या ओढण्याला पुरेल एवढं नाही," मी म्हटलं.

तेवढ्यात दाराबाहेरच्या पेटीत पोस्टमनने काहीतरी टाकल्याचा आवाज झाला. वन्संनी आपली टोकं माझ्या हातात कोंबली आणि गेल्या. अर्धी घडी सोडून जाताना मी त्यांना आजवर पाहिलं नव्हतं. परत आल्या त्या एक जाड पाकीट घेऊन. जहाज कंपनीचा शिक्का, नाव त्यांचं, पत्ता आमचा. महिनाअखेरीला त्या आमच्याकडे कायमच्या राहायला यायच्या होत्या, म्हणून पेन्शनच्या कचेरीपासून दातांच्या डॉक्टरपर्यंत त्यांनी सगळीकडे आमचाच पत्ता देऊन ठेवला होता. ही चादरही त्यांच्याच पलंगासाठी होती, मागच्या छोट्या खोलीतल्या.

"आलं एकदाचं," त्या म्हणाल्या. "आता बघतेच त्या कंपनीकडे."

मी चादर तशीच गोळा करून मांडीवर घेतली आणि बसले.

वन्सं म्हणजे आमच्या यांच्या थोरल्या बहीण. सासरे गेले तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या आणि हे सहा वर्षांचे. सासूबाई आधीच अंथरुणाला खिळलेल्या. वन्संना इस्पितळाच्या धुलाईखात्यात काम मिळालं. ते खातं तळघरात. वर आठ मजले आजारी माणसं आणि खाली त्यांच्या चादरी. वाफ, साबणाचा वास, आणि दिवसभर दिवे, कारण खिडकी एकही नाही. मी लग्न होऊन आले त्या वर्षी त्यांना एकदा डबा द्यायला गेले होते. पाच मिनिटांत माझा जीव घाबरा झाला. त्या मात्र इस्त्रीच्या गरम रुळांमधून बाहेर येणारी चादर पकडून दुसऱ्या बाईबरोबर घड्या घालत होत्या. चार हालचालींत घडी, तोंडाने मोजणं चालूच. डझनाचा गठ्ठा झाला की त्याला चिठ्ठी, चिठ्ठीवर सही, मग पुढचा. त्यांच्या खात्यात एक नियम होता, दुसऱ्याच्या गठ्ठ्यावर आपण सही करायची नाही. मेलं तरी नाही. एक चादर कमी निघाली तर पगारातून कापत, आणि ज्याची सही त्याचा पगार.

खात्यातल्या बायका त्यांना मोजणीबाई म्हणत. हे नाव त्यांना आवडायचं. घरीही त्यांचं सगळं मोजून. पगार झाला की पाकिटं पडत. भाडं, औषध, भावाची फी, दिवे, चपला. चपलांच्या पाकिटातले पैसे औषधाला गेले तर चिठ्ठी टाकून ठेवायच्या, 'औषधाने घेतले'. जणू औषध पुढच्या महिन्यात येऊन परत करणार आहे. एक स्थळ चालून आलं होतं म्हणतात. मुलगा चांगला होता. "भाऊ माझ्याबरोबर येईल," असं वन्संनी स्पष्ट सांगितलं आणि पाहुणे चहा संपवून गेले ते गेलेच. ही हकीगत वन्सं हसत सांगतात. "कपबश्यांकडे मात्र असे बघत होते, जणू आम्ही त्या उसन्या आणल्यात," म्हणतात.

अशी मोजणारी बाई, पण भावाला मात्र त्यांनी कधी मोजलं नाही.

यांच्याबद्दल मी काय लिहू. हे वाईट नाहीत. रंगाच्या दुकानात काउंटरवर उभे असतात. एका भिंतीला रंग घ्यायला आलेल्या माणसाला चार भिंतींचा रंग देऊन पाठवतात आणि तो माणूस खूश होऊन जातो. हसतं तोंड, गोड बोलणं. खिशात असेल ते आज संपवायचं, उद्याचं उद्या. माझी रोज सकाळी प्रार्थना झाली की वहीचं एक पान लिहायचं, हा माझा बावीस वर्षांचा नेम आहे. काल घरात काय झालं, कोण आलं, कोण काय बोललं, तेवढंच. त्या वहीत 'हे म्हणाले, उद्या बघू' हे वाक्य किती वेळा असेल, देवालाच ठाऊक.

वन्सं निवृत्त झाल्या त्या संध्याकाळी हे पेढीवरच्या शेटजीसारखे खुर्चीत बसले आणि म्हणाले, "ताई, मी चार तिकिटं काढलीत. जहाजाची. पाच रात्री. तू, आम्ही दोघं आणि चिमणी. खाणं-पिणं, राहणं सगळं त्यात. तू फक्त बस."

चिमणी म्हणजे आमची मुलगी, कॉलेजात आहे. तिने आत्याला मिठीच मारली. वन्सं उठल्या. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभ्या राहिल्या. बाहेर आल्या तेव्हा म्हणाल्या, "तिकीट तुझं. पण वरखर्च माझा मी करणार. कोणाच्या पैशाची कॉफी मी पिणार नाही."

दुसऱ्या दिवशी नवीन पाकीट तयार. 'जहाज, वरखर्च.' त्यात अर्ध्या महिन्याच्या पेन्शनएवढे पैसे. आणि त्या माझ्याजवळ बसून माहितीपत्रक वाचू लागल्या. तिकिटात काय आहे, काय नाही. पाणी आहे, बाटलीतलं पाणी नाही. मोठ्या जेवणघरातलं जेवण आहे, वरच्या मजल्यावरच्या छोट्या जेवणघरातलं नाही. इंटरनेट नाही. फोटो काढणार फुकट, देणार विकत. माणशी रोजचा सेवाआकार वेगळा. "हे बरं आहे," त्या म्हणाल्या. "घरात बोलवायचं आणि खुर्चीचे वेगळे घ्यायचे." पण चिडल्या नाहीत. प्रत्येक गोष्टीपुढे पेन्सिलीने फुली किंवा बरोबरची खूण केली. फोटोपुढे बराच वेळ पेन्सिल तशीच धरून बसल्या, मग प्रश्नचिन्ह काढलं.

त्याच आठवड्यात हे म्हणाले, "ताई, आता ती भाड्याची खोली कशाला? मागची खोली रिकामीच आहे. ये ना आमच्याकडे." मलाही मनापासून वाटत होतं. वन्संनी चार दिवस विचार केला आणि घरमालकिणीला एक महिन्याची सूचना देऊन टाकली. तेवीस वर्षांची खोली.

जहाजावर चढायच्या दिवशी भली मोठी रांग होती. वन्सं सामानापाशी बाकावर बसल्या. हे रांगेतून परत आले आणि म्हणाले, "ताई, इथे रोख चालत नाही. प्रत्येक खोलीमागे एक बँकेचं कार्ड नोंदवावं लागतं. माझं कार्ड त्यांचं यंत्र घेत नाहीये. तुझं दे. नुसतं नोंदवायला. त्यातून काही जात नाही, शेवटी मी माझं देतो."

वन्संनी कार्ड दिलं. त्या कार्डामागे त्यांची निवृत्तीची सगळी रक्कम होती. "सही लागेल ना?" त्यांनी विचारलं.

"बस तू. मी बघतो सगळं," हे म्हणाले, आणि एका खांबाला टेकून फॉर्म भरत उभे राहिले.

तासाभराने आम्ही खोलीत गेलो. प्रत्येकाला जहाजाचं एक कार्ड मिळालं होतं, दार त्यानेच उघडायचं आणि जहाजावरचा खर्चही त्यावरच मांडायचा. दार उघडलं आणि समोर खिडकी. चांगली हातभर रुंद, बाहेर नुसतं पाणी. तिकिटावर तर आतली, बिनखिडकीची खोली लिहिलेली मी पाहिली होती.

"बदलून घेतली," हे म्हणाले. "म्हटलं, माझ्या बहिणीने एकोणचाळीस वर्षं भिंत बघितली. पाच दिवस तरी तिला समुद्र दिसू दे."

वन्सं खिडकीपाशी गेल्या आणि काचेवर तळहात ठेवून उभ्या राहिल्या. मग यांना जवळ बोलावलं आणि यांच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले. तोंडाने काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. देवाने एवढं सुख दाखवलं, म्हणून मी तिथेच हात जोडले. वहीत त्या दिवसाचं पान मी दोन्ही बाजूंनी लिहिलं आहे.

ते पाच दिवस वन्सं लहान मुलीसारख्या होत्या. खोली आवरणारा माणूस टॉवेलचा हंस करून पलंगावर ठेवायचा. वन्संनी हंस उलगडला, घडी कशी घातली ते पाहिलं आणि पुन्हा जसाच्या तसा करून ठेवला. मग आपल्या मनाने मानेला आणखी एक वळण दिलं. दुसऱ्या दिवशी तो माणूस खास बघायला आला. "तुमचं धुलाईखातं कुठे असतं?" त्यांनी विचारलं. "खाली," तो म्हणाला, "पाण्याच्या खाली." वन्सं म्हणाल्या, "असणारच." सेवाआकार रोज कापला जातो हे माहीत असूनही त्यांनी आपल्या पाकिटातून त्याच्या हातात पैसे ठेवले. तेवढी एकच रोख गोष्ट तिथे चालली.

बाकी त्यांनी काटकसर सोडली नाही. घरून आणलेल्या बाटलीत जेवणघरातलं पाणी भरायच्या. काचेच्या पेल्यात मिळणारी थंड कॉफी चिमणीने आणली तेव्हा तिला म्हणाल्या, "एवढ्या बर्फात कॉफी शोधायला भिंग लागेल गं." पाच दिवसांत त्यांनी दोनच गोष्टी घेतल्या, लिंबाचं सरबत एकदा आणि उलटीची गोळी एकदा. दोन्हीच्या चिठ्ठ्या पाकिटात. आम्हा चौघांचा फोटो भिंतीवर लावलेला होता, सुरेख आला होता. तो हातात घेतला, मागची किंमत पाहिली आणि परत खाचेत ठेवला. "आपल्याला आपली तोंडं माहीत आहेत," म्हणाल्या.

रोज संध्याकाळी त्या यांना विचारायच्या, "माझ्या कार्डावर काही चढलं नाही ना रे?"

"छे. मी काउंटरवर विचारून आलो."

एकदा त्या स्वतः काउंटरकडे निघाल्या होत्या. हे म्हणाले, "रांग बघ किती आहे. पायांचे तुकडे पडतील तुझ्या." त्या मागे फिरल्या.

शेवटच्या सकाळी दाराखालून बिलाचा कागद आत सरकला होता. तो यांनीच उचलला आणि वन्संच्या देखत म्हणाले, "झालं, फेडून टाकलं मी सगळं. तू सरबताचे मला दे." वन्संनी सरबताचे आणि गोळीचे पैसे यांच्या हातावर मोजून ठेवले. यांनी ते घेतले.

घरी आल्यावर आठवड्याभराने वन्सं बँकेत पासबुक भरून घ्यायला गेल्या. तिथून सरळ माझ्याकडे आल्या. पासबुकात जहाज कंपनीच्या नावाने एक रक्कम गेली होती. साडेचार महिन्यांचं पेन्शन. मी आकडा तीनदा वाचला. त्या मात्र शांत होत्या. "कंपनीचा घोळ आहे," म्हणाल्या. "भावाने एकदा दिले, कंपनीने माझ्याकडून पुन्हा घेतले. त्याला सांगू नकोस उगाच, दुकानात डोकं गरम करून घेईल. मी मागवते सगळ्या चिठ्ठ्या. सहीसकट." आणि त्यांनी कंपनीला फोन करून तीनदा तेच सांगितलं. प्रत्येक चिठ्ठीची नक्कल पाहिजे, सहीसकट. धुलाईखात्यात असंच करत. गठ्ठा कमी भरला की आधी चिठ्ठी काढायची.

त्या चिठ्ठ्या या पाकिटात होत्या.

वन्संनी पाकीट कात्रीने कापलं, फाडलं नाही. आतले कागद मेजावर ओळीने मांडले. चष्मा चढवला. मी चादर मांडीवर घेऊन बघत होते. पहिला कागद त्यांनी वाचला, परत वाचला आणि माझ्याकडे सरकवला.

'खिडकीच्या खोलीचा वाढीव आकार.' खाली वन्संची सही.

"ही मी केली नाही," त्या म्हणाल्या.

पुढे चिमणीचं इंटरनेट. थंड कॉफ्या, नऊ. वरच्या मजल्यावरचं छोटं जेवणघर, दोनदा, एका माणसाचं. सेवाआकार चौघांचा. आणि मग तीन कागद जुगाराच्या खोलीचे. तिसऱ्या दिवशी एक, चौथ्या दिवशी दोन. मोठ्या रकमेला खातेदाराची सही लागते, म्हणून त्या तिन्हींवर वन्संची सही. हुबेहूब.

मी म्हटलं, "कोणीतरी नक्कल केली असेल. चोर..."

"चोर नाही गं." त्यांनी बोट सहीखालच्या रेघेवर ठेवलं. "मी रेघ डावीकडून काढते. ही उजवीकडून काढलीय. सुरुवातीला जाड आहे बघ, उजवीकडे."

आमचे हे डावखुरे आहेत.

वन्संनी बोट रेघेवरून उचललं. मग कागदांकडे बघत बोलल्या. "तो दुसरीत होता. प्रगतीपुस्तकावर मोठ्या माणसाची सही लागायची आणि मी दोन पाळ्या करायचे. शाळेत त्याला उभं करायचे, सही नाही म्हणून. मग एका रविवारी मीच त्याचा हात धरला आणि माझी सही शिकवली. पाटीवर. पन्नास वेळा काढायला लावली. म्हटलं, मी नसले की तूच करत जा." त्यांनी चष्मा काढला. "जन्मात तेवढा एक गठ्ठा मी दुसऱ्याला सही करू दिला."

दीड वाजता हे जेवायला आले. हातावर, बाहीवर पिस्त्याच्या रंगाचे शिंतोडे होते. वन्संना बघून खूश झाले. "ताई आलीस? बरं झालं. आजच राहा. काय गं, पान घे तिचं."

वन्संनी मेजावर एक कोरा कागद ठेवला, वर पेन.

"माझी सही कर."

"काय?"

"कर रे. बघू अजून जमते का."

हे हसले. माझ्याकडे पाहिलं, मी मान खाली घातली. यांनी पेन डाव्या हातात घेतलं आणि सही केली. झोकात. मग रेघ काढायला पेन उजवीकडे टेकवलं आणि तिथेच थांबले. मेजावरचे बाकीचे कागद त्यांना तेव्हा दिसले.

"ताई, ऐक. मी सांगणारच होतो."

"कधी?"

"आधी सगळं भरून काढणार होतो. पहिल्या दिवशी जिंकलो होतो मी, खरंच. वाटलं, खोलीचे निघतील आणि तुला कळणारही नाही."

"खोलीचे." वन्संनी पहिला कागद पुढे केला. "हा तर जहाज सुटायच्या आधीचा आहे."

"तिकिटांनाच माझे सगळे संपले होते, ताई. काउंटरवरची बाई म्हणाली, खिडकीची एकच खोली उरलीय. तुझा चेहरा डोळ्यांसमोर आला. मी काय वाईट केलं? तुलाच तर दिली."

"मला दिलीस," वन्सं म्हणाल्या. "माझ्याकडूनच घेऊन."

"आता तू इथेच येणार ना राहायला. एका घरात तुझं-माझं काय असतं? आज ना उद्या एकच होणार होतं सगळं."

"म्हणून तू जहाजावरच एक करून टाकलंस."

यांना घाम आला होता. बाहीने पुसला तर कपाळाला पिस्ता लागला. एरवी मी हसले असते. "आणि त्या जुगाराच्या खोलीचं म्हणशील तर एकदाच गेलो मी," हे म्हणाले. "बाकीचं त्यांनी उगाच लावलंय. ही होती माझ्याबरोबर, हिला विचार. सांग ना गं तू."

दोघंही माझ्याकडे बघू लागली.

मी उठले. चादर खुर्चीवर ठेवली. देवाच्या फळीखालून वही काढली आणि ते पान उघडलं. मला वाचायचं नव्हतं. पण रोज सकाळी ज्याच्यापुढे बसून मी ते लिहिते, त्याच्यापुढे उभी राहून आता खोटं कसं बोलू, हेही कळत नव्हतं. मी वाचलं.

"चौथा दिवस. वन्संना बोट लागली, दिवसभर पडून होत्या. मी उशाशी. हे सकाळी गेले ते जेवायला आले नाहीत. दुपारी बघायला गेले तर खेळाच्या खोलीतून बाहेर येताना दिसले. म्हणाले, आत हवा गार आहे म्हणून बसलो होतो. खिशातून वन्संचं जहाजाचं कार्ड डोकावत होतं. म्हणाले, माझ्याने दार उघडत नाही. संध्याकाळी परत गेले."

वही मिटली. हे माझ्याकडे असे बघत होते की जणू सह्या मीच केल्या.

"तुला माहीत होतं?" वन्सं मला म्हणाल्या.

"कार्ड दिसलं होतं. पुढचं नव्हतं माहीत."

"विचारावंसं वाटलं नाही?"

"वाटलं. तुम्ही झोपला होतात. मग राहिलं."

त्यांनी मान हलवली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रात्री मी प्रार्थना नेहमीपेक्षा लांब केली होती, तेही मला आठवत होतं. वहीत तेही लिहिलेलं आहे, पण ते मी वाचलं नाही.

"मी फेडतो, ताई," हे म्हणाले. "पगारातून. महिन्याला थोडे थोडे."

"फेड. पैशाचं होईल काहीतरी." वन्संनी कागद गोळा केले, कडा जुळवल्या, मेजावर आपटून सारखे केले. "मागितले असतेस तर मी दिले असते. खिडकीलाही दिले असते. म्हटलं असतं, जाऊ दे, चपलांचं पाकीट फोडू. पण मी त्या खिडकीपाशी तुझ्या डोक्यावर हात ठेवले रे. ते आता मला परत घेता येत नाहीत."

यांनी पेनाला टोपण लावलं.

"आणि सरबताचे पैसे मी तुझ्या हातावर मोजले," त्या म्हणाल्या. "ते तू घेतलेस. त्याचं मला सगळ्यात वाईट वाटलं."

यांनी तोंड फिरवलं. मी भाजी गरम करायला ठेवली होती, ती लागल्याचा वास आला. मी गॅस बंद करून आले तेव्हा वन्सं उभ्या होत्या. खुर्चीवरची चादर त्यांनी उचलली होती.

"धर," त्या मला म्हणाल्या.

आम्ही दोघींनी ती पुन्हा झटकली, ताणली. एक घडी, दुसरी, मग आडवी, मग परत. नेहमीच्या चार हालचाली. या वेळी त्या मोजत नव्हत्या. घडी माझ्या हातात देऊन त्यांनी वरून एकदा तळहात फिरवला.

"कपाटात ठेव. पाहुणी म्हणून आले की लागेल."

"वन्सं," मी म्हटलं, "खोली तयार आहे. पडदेसुद्धा शिवलेत मी."

"माहीत आहे. चांगले शिवलेस." त्यांनी पिशवीत कागद ठेवले, वर चष्म्याची डबी. "पत्ते मात्र सगळीकडे बदलायला हवेत. दातांच्या डॉक्टरकडे आधी, तिथली मुलगी फार घोळ घालते."

हे उठले. "ताई, निदान जेवून जा."

"भूक नाही. आणि कपाळ पूस, रंग लागलाय."

एवढं म्हणून त्या दाराशी गेल्या. चपला घालताना भिंतीला हात टेकला. असा आधार त्या कधी घेत नाहीत. मी पुढे झाले तर नको म्हणाल्या. भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. त्यांच्या खोलीसाठी नवा भाडेकरू पाच वाजता आगाऊ रक्कम घेऊन येणार होता, हे आम्हाला तिघांनाही माहीत होतं.

"तुम्ही एकट्या कशा जाल, मी येते," मी म्हटलं.

"तू त्याला जेवायला घाल. उपाशी राहिला की त्याचं डोकं चालत नाही, आणि त्याला आता हिशेब करायचाय." मग जरा थांबल्या. "वहीत लिहिशील ना आजचं?"

"लिहीन."

"जसं झालं तसं लिही."

मी लिहिलं आहे. त्या जिना उतरल्या आणि वळणावरून दिसेनाशा झाल्या. पाचच्या आत घरमालकिणीकडे पोहोचून, खोली सोडत नाही म्हणून सांगायला.